मोठ्या घरचं व्यसन आणि सुटण्याची वाट

गरिबाची दारू चौकात दिसते, मोठ्या घरची माजघरात राहते. पांढुर्णा आणि सौसर ही काही महानगरं नाहीत, पण ‘मोठं घर’ इथेही आहे. जुन्या मालगुजाराचा वाडा, संत्र्याचा बडा व्यापारी, दोन-तीन पिढ्यांचा दवाखाना, माजी आमदाराचं घर, शाळा काढलेले गुरुजी, पंचक्रोशीत कीर्तनाला बोलावले जाणारे महाराज. अशा घरच्या पोराला स्टेशनवर उतरल्यावर पत्ता सांगावा लागत नाही. ऑटोवाला चेहरा बघूनच विचारतो, “तुम्ही भाऊसाहेबांचे ना?”

अशा घरात कोणी दारूच्या, गांजाच्या किंवा गोळ्यांच्या नादी लागलं की गावाला ते सगळ्यात आधी कळतं आणि घर ते सगळ्यात शेवटी कबूल करतं. मधली वर्षं लपवण्यात जातात. आजार मात्र तेवढ्यात मुरत जातो. घराचं नाव सांभाळण्याच्या धडपडीत घरचा माणूस हातचा जातो, म्हणून आधी माणूस सांभाळायचा, हेच या लेखाला सांगायचं आहे. ते कसं करायचं, कुठे जायचं, कोणाला काय सांगायचं, हे पुढे क्रमाने दिलं आहे.

नावाचं ओझं

मोठ्या घरात जन्मलेल्या मुलाला तीन गोष्टी फुकट मिळतात: पैसा, ओळख आणि तुलना. पैशाने पहिली बाटली लवकर हाती येते. ओळखीमुळे चुकीची किंमत मोजावी लागत नाही. गाडी ठोकली तर ठाण्यात फोन जातो, परीक्षा बुडाली तर प्राचार्यांना भेटून येतात. तुलना मात्र आतून पोखरते. ‘बापाने एवढं उभं केलं, तू काय केलंस?’ हा प्रश्न कोणी तोंडावर विचारला नाही तरी रोज कानात वाजतो. वडिलांनी यश मिळवलं तर ते घराण्याचं होतं, मुलाने मिळवलं तर ते वडिलांच्या पुण्याईचं ठरतं. अपयश तेवढं त्याचं एकट्याचं.

हरिलाल गांधी (१८८८–१९४८) हे याचं सगळ्यात दुखरं उदाहरण. १९३६ पासून ज्यांचा मुक्काम वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला होता, त्या महात्मा गांधींचे हे थोरले चिरंजीव. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहात ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले, लोक त्यांना ‘छोटे गांधी’ म्हणू लागले. विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायची त्यांची इच्छा होती. शिष्यवृत्तीची संधी आली तेव्हा वडिलांनी ती आपल्या मुलाला न देता दुसऱ्यांना दिली. १९११ मध्ये हरिलाल वडिलांपासून वेगळे झाले. १९१८ मध्ये पत्नी गेली, पुढे दारू वाढत गेली. कटनी स्टेशनवरचा प्रसंग अनेकांनी वाचला असेल. गर्दी गांधीजींचा जयजयकार करत असताना हरिलाल आईच्या नावाने जयघोष करत डब्यापाशी आले आणि खिशातून एक संत्रं काढून कस्तुरबांच्या हाती दिलं. हे फक्त बासाठी आहे, असं त्यांनी बजावलं. गांधीजींच्या हत्येनंतर पाच महिन्यांच्या आत, १८ जून १९४८ रोजी मुंबईच्या क्षयरोग रुग्णालयात ते वारले.

या कहाणीत बाप वाईट की मुलगा वाईट, हा वाद आता निरर्थक आहे. आपण घ्यायची ती गोष्ट वेगळी. ज्या घराने देशाला दारूबंदी शिकवली, त्या घरातही व्यसन शिरलं. तेव्हा आपल्या घरात शिरलं म्हणून लाजेने मान खाली घालायचं कारण नाही. डॉक्टरी भाषेत व्यसन हा मेंदूचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे. दारूच्या व्यसनात निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा असतो, असं संशोधक मानतात. उरलेला वाटा वय, सोबत, दुःख, सहज मिळणारी बाटली आणि घरचं वातावरण यांचा.

निम्मा वाटा रक्तातून येतो म्हणजे नशिबात लिहिलेलंच, असा अर्थ कोणी काढू नये. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या झिंगराजी जाणोरकरांचा दारूने घात केला. त्यांचा मुलगा डेबू मामाच्या घरी वाढला आणि पुढे गाडगेबाबा झाला. दारूविरुद्ध त्यांनी जन्मभर कीर्तनं केली.

हे व्यसनच आहे, हे ओळखायचं कसं?

“मोठ्या घरचा पोट्टा आहे, थोडी घेते,” असं गाव म्हणतं. ‘थोडी’ किती, हे मोजत बसण्यापेक्षा खालच्या गोष्टी बघा.

- ठरवलेल्यापेक्षा जास्त घेतली जाते, थांबता येत नाही.
- पूर्वी जेवढ्यात चढायची तेवढ्यात आता चढत नाही.
- सकाळी हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं आणि घेतली की बरं वाटतं.
- बगीच्याची फवारणी, दुकानाचा हिशेब, मुलांची फी असल्या गोष्टी राहून जातात.
- कावीळ झाली, अपघात झाला, बायको माहेरी गेली, तरी सुटत नाही.
- कोणी विषय काढला की राग येतो, आणि एकटं असताना स्वतःची लाज वाटते.

यातल्या दोन-तीन गोष्टी वर्षभरात दिसत असतील तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली आहे. बाटली देशी आहे की परदेशी, मोहाची आहे की महागडी स्कॉच, याने निदान बदलत नाही. खर्ऱ्यालाही हीच कसोटी लावा. सकाळी तोंड धुवायच्या आधी खर्रा लागत असेल तर ते तंबाखूचं व्यसनच आहे, मग तो खाणारा गावाचा पुढारी असो की शिक्षक.

पांघरूण घालणं थांबवा

सौसरहून नागपूरकडे निघालं की सावनेर लागतं. राम गणेश गडकरी यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी तिथेच देह ठेवला आणि त्याच वर्षी त्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. त्या नाटकातला सुधाकर हा हुशार, मानी वकील. भर कोर्टातल्या अपमानाने तो दारूकडे वळतो, सोडतो, पुन्हा घेतो. त्याची पत्नी सिंधू शेवटपर्यंत त्याच्यावर पांघरूण घालते. शंभराहून जास्त वर्षं झाली, प्रेक्षक सिंधूसाठी रडतात आणि घरी आल्यावर तेच करतात.

हे पांघरूण कशाकशाचं असतं? बापाने उधारी फेडायची. भावाने बँकेचा हप्ता भरायचा. आईने पदराआडून दोनशे-पाचशे द्यायचे, ‘निदान बाहेर भीक तरी मागणार नाही’ म्हणून. बायकोने शाळेत फोन करून ‘साहेबांना ताप आहे’ सांगायचं. काकांनी ठाण्यातून सोडवून आणायचं. आणि सगळ्यात मोठं पांघरूण म्हणजे, “लग्न करून द्या, सुधरते.” लग्नाने व्यसन सुटत नाही, एका परक्या मुलीचं आयुष्य मात्र त्यात ओढलं जातं. मुलाचं व्यसन लपवून स्थळ बघणं हा त्या मुलीवरचा उघड अन्याय आहे. ‘खानदानी घर’ या शब्दाला भुलून मुलगी देणाऱ्यांनीही थोडी चौकशी करावी.

संत्र्याच्या झाडाला डिंक्या लागला तर कास्तकार ‘बगीच्याचं नाव खराब होईल’ म्हणून बुंधा गोणपाटाने झाकून ठेवत नाही. साल खरवडतो, बोर्डो पेस्ट लावतो आणि शेजाऱ्याला विचारतो, ‘तुमच्याकडे काय केलं?’ घरच्या माणसासाठी एवढंच करायचं आहे.

पांघरूण काढायचं म्हणजे घराबाहेर हाकलायचं असा अर्थ नाही. जेवण द्या, औषध द्या, दवाखान्यात सोबत जा. पैसा हातात देऊ नका, उधारी फेडू नका, खोटं बोलू नका. कोणी विचारलंच तर ‘बरा नाही, उपचार चालू आहे’ इतकं खरं सांगा. घरात मारहाण होत असेल तर बायको-मुलांची सुरक्षा आधी बघायची, समजावणं नंतर. नाव कितीही मोठं असलं तरी मार सहन करणं हे कोणत्याही सुनेचं कर्तव्य नाही.

बोलायचं कधी आणि कसं?

नशेत असलेल्या माणसाशी वाद घालू नका. सकाळी, शुद्धीवर असताना, दोघा-तिघांनी बसून बोला. त्यात त्याला ज्याचा मान वाटतो असा एक जण असावा. मोठ्या घरात हा माणूस बहुतेक वेळा बाप नसतो. मामा, जुने गुरुजी, एखादा मित्र किंवा मोठी बहीण चालेल. ‘तू घराण्याला बट्टा लावलास’ हे वाक्य उच्चारू नका, त्याने ते स्वतःला आधीच हजार वेळा ऐकवलेलं असतं. घडलेलं सांगा: ‘मंगळवारी तू गाडी घेऊन पडलास. मुलगी घाबरून रात्रभर झोपली नाही. उद्या आपण डॉक्टरकडे जाऊ.’ दिवस, गाडी आणि डॉक्टरची वेळ आधी ठरवून मगच बोलायला बसा.

तो स्वतःहून मदत मागेल तो दिवस वाया घालवू नका. संजय दत्त यांनी अनेक मुलाखतींत सांगितलं आहे की एके दिवशी ते स्वतः वडिलांकडे गेले आणि मदत मागितली. सुनील दत्त यांनी त्यांना रुग्णालयात नेलं, पुढे उपचारासाठी अमेरिकेत पाठवलं. आपल्याला अमेरिकेची गरज नाही. पण ‘पोळा झाल्यावर बघू’, ‘बहार तुटू दे, मग जाऊ’ असं म्हणालात तर ती वेळ परत कधी येईल याचा भरवसा नाही.

एकदम बंद करणं धोक्याचं

रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडणं हा धाडसाचा नव्हे, धोक्याचा प्रकार आहे. शेवटच्या पेगनंतर सहा तासांपासून दिवसभरात थरथर, घाम, धडधड, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. या अवस्थेत जीवही जातो. घरचे तेव्हा बाहेरची बाधा समजून भलतीकडे धावतात.

म्हणून दारू तोडायचे पहिले पाच-सात दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली काढा. यात शांत करणारी औषधं ठरावीक मात्रेने देऊन हळूहळू कमी करतात आणि ब-१ जीवनसत्त्व देतात. ते न देता नुसती ग्लुकोजची सलाईन लावणं मेंदूला घातक ठरू शकतं, तेव्हा ‘दोन बाटल्या लावून द्या’ असा आग्रह धरू नका. रोजच्या झोपेच्या गोळ्याही एकदम बंद करायच्या नसतात. गर्द, अफू, नशेची इंजेक्शनं किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध यांच्या व्यसनावर बुप्रेनॉर्फिनसारखी औषधं असतात, ती तज्ज्ञांकडूनच घ्यायची. खर्रा आणि बिडी मात्र ठरवलेल्या दिवशी एकदम सोडली तरी चालते. चिडचिड होते, झोप कमी येते, पण जिवाला धोका नसतो. निकोटिनचा गम मदतीला येतो.

‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा भिंतीवरच्या जाहिराती रस्त्याने दिसतात. डायसल्फिरामसारखं औषध न कळवता भाजीत किंवा चहात मिसळलं आणि वरून तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून, हृदयावर ताण येऊन माणूस दगावू शकतो. हे औषध उपयोगी आहे, पण ज्याला द्यायचं त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच. घरात भांडण टळावं म्हणून बाई हा मार्ग धरते, आणि अघटित घडलं तर दोष तिच्यावरच येतो.

कुठे जायचं?

५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, सौसर त्यातच आला. सुविधा एका रात्रीत जिल्ह्याएवढ्या होत नाहीत, तेव्हा पायऱ्या अशा ठेवा.

पहिली पायरी फोनची. १४४४६ ही व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे. १४४१६ ही ‘टेलि-मानस’ची. जीव द्यावासा वाटणं, भ्रम, प्रचंड बेचैनी असेल तर इथे फोन करा. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६. मोठ्या घरच्यांसाठी फोनची सोय खास बरी, कारण पलीकडच्याला तुमचं आडनाव माहीत नसतं आणि ते सांगायची सक्तीही नसते.

दुसरी पायरी सरकारी दवाखान्याची. पांढुर्णा किंवा सौसरच्या दवाखान्यात रक्त, यकृत, साखर, रक्तदाब बघून घ्या. मानसोपचार विभागासाठी एका बाजूला छिंदवाड्याचं मेडिकल कॉलेज आहे, दुसऱ्या बाजूला नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स. आपल्या भागाची पावलं तशीही नागपूरकडेच वळतात.

तिसरी पायरी केंद्राची. पुण्याचं मुक्तांगण अनेकांना माहीत आहे. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. ३५ दिवसांचा निवासी उपचार, समूहात बोलणं, कामाची वाटणी आणि घरच्यांसाठी वेगळं समुपदेशन ही त्याची पद्धत. व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा गट चालतो. पुण्याला जाणं शक्य नसेल तरी जवळचं केंद्र निवडताना हेच निकष लावा.

केंद्राच्या दारात शिरण्याआधी या गोष्टी विचारा. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ कोण, ते किती वेळा येतात? घरच्यांना भेटू देतात का? मारहाण, साखळी, कोंडून ठेवणं होतं का? खर्चाची पावती मिळते का? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. चार माणसं पाठवून रात्री गाडीत कोंबून नेणाऱ्या केंद्राला, ते कितीही ‘व्हीआयपी’ असलं तरी, दुरूनच नमस्कार करा. संमतीशिवाय दाखल करण्यासाठी कायद्यात वेगळ्या अटी आहेत आणि त्यात डॉक्टरांची तपासणी लागतेच.

सौसरजवळच्या जामसावळीच्या हनुमानावर या भागाची श्रद्धा आहे. मनाच्या आजारांचे रुग्णही तिथे आणले जातात. जरूर जा. देवापुढे घेतलेली शपथ अनेकांना बळ देते. मात्र थरथर आणि फिट यांच्यावर औषध दवाखान्यातच मिळतं. नारळ चढवा आणि गोळीही चुकवू नका.

‘लोकांना कळलं तर?’

या भीतीवर तीन खरी उत्तरं आहेत.

पहिलं, त्याच २०१७ च्या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. डॉक्टर, परिचारिका, केंद्र यांनी ती तुमच्या संमतीशिवाय बाहेर सांगायची नाही. कायद्याने ठरवून दिलेले मोजके अपवाद आहेत, गावगप्पा त्यात बसत नाहीत.

दुसरं, अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही उपचाराला दार ठेवलं आहे. थोड्या मात्रेच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर कलम ६४-अ नुसार त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला तर ही सूट काढून घेता येते. अशा प्रकरणात वशिला शोधण्यापेक्षा वकील आणि डॉक्टर शोधा.

तिसरं, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. १९३५ मध्ये अमेरिकेत एक दलाल आणि एक डॉक्टर अशा दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरता सावरता ही चळवळ उभी केली. हिच्या सभेत आडनाव सांगायचं नसतं. फी नाही, अर्ज नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. नागपुरात या सभा भरतात. मोठ्या घरच्या माणसासाठी ही जागा औषधासारखी आहे. जन्मात पहिल्यांदा तो कोणाचा मुलगा, कोणाचा नातू न राहता नुसता ‘मी अमुक, मला दारूचा आजार आहे’ म्हणून बसतो. शेजारी हमाल असतो, प्राध्यापक असतो, दोघांची गोष्ट त्याच्यासारखीच असते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे, तो १९५१ मध्ये सुरू झाला.

आणि गावाला काय सांगायचं? फार काही नाही. ‘तब्येतीसाठी महिनाभर बाहेर आहे’ हे पुरे. बरं झाल्यावर स्वतःहून सांगावंसं वाटलं तर सांगा. चित्रपट दिग्दर्शक महेश भट्ट यांनी दारू सोडली. त्यांची मुलगी पूजा भट्ट यांनी २०१६ च्या डिसेंबरात सोडली आणि त्याबद्दल त्या उघडपणे बोलत आल्या. त्याने त्यांचं नाव लहान झालं नाही. मात्र बोलायचा निर्णय ज्याने सोडली त्याचा. बापाने व्यासपीठावरून मुलाची कहाणी सांगून टाळ्या मिळवू नयेत.

घरी परतल्यावरचे दिवस

केंद्रातून परतणं ही खरी सुरुवात. पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सांभाळा, तलफ याच वेळी येते. तलफ बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढ्या वेळात पाणी प्या, चाला, ठरलेल्या माणसाला फोन करा. उद्याची, जन्माची शपथ नको. ‘आज घ्यायची नाही’ एवढंच.

आपल्याकडच्या धोक्याच्या जागा आधी ओळखून ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर दगडफेकीची गोटमार असते. पांढुर्णा-सावरगावच्या त्या दिवशी नुसते गोटेच फिरत नाहीत, प्रशासनाच्या बंदोबस्तातही बाटल्या फिरतात. पहिल्या वर्षी त्या दिवशी गावाबाहेर राहा, चंडीमातेचं दर्शन आदल्या दिवशी घ्या. संत्र्याचा सौदा झाला की दलालाबरोबर बसायची रीत, लग्नाची वरात, निवडणुकीच्या रात्री, मित्राच्या शेतातली पार्टी यांनाही पहिलं वर्ष नाही म्हणा. ‘डॉक्टरने मना केलं आहे’ हे उत्तर सगळीकडे चालतं. दुकानंच जवळ नसती तर बरं, असं वाटणं साहजिक आहे. १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश सरकारने शेजारच्या मुलताईसह काही धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद केली. पण बंदी असलेल्या गावाच्या वेशीबाहेर दुकान असतंच, तेव्हा आपली वेस आपणच आखायची.

पुन्हा पाय घसरला तर? दीर्घकाळच्या आजारात हे होतं. साखर वाढली म्हणून आपण मधुमेह्याला घराबाहेर काढत नाही. चोवीस तासांत डॉक्टरला किंवा गटाला फोन करा. एका पेगची लाज लपवण्यातून पुढचे शंभर पेग येतात.

घरच्यांनी खिसे चाचपणं, तोंडाचा वास घेणं सोडावं. पैशाचा व्यवहार ठरवून घ्यावा, पहिले सहा महिने मोठी रक्कम, गाडीची किल्ली, बगीच्याचा सौदा दुसऱ्याच्या हाती राहू द्यावा, पण हे सगळं त्याला सांगून, त्याच्याशी बोलून. आणि जेवायच्या पंगतीत रोज हा विषय काढू नये.

या घरांतल्या मुला-मुलींना

तुम्ही स्वतः व्यसनात असाल तर एक काम जरूर करा. वडिलांच्या नावाने न मिळालेलं असं काहीतरी धरा. नागपूरच्या दुकानातली साधी नोकरी, कलम बांधणं, ट्रॅक्टर दुरुस्ती, तबला, काहीही. पहिला पगार चार आकडी असला तरी तो तुमचा असतो. बापाशी बरोबरी करायला उरलेलं आयुष्य आहे, आधी झोप, भूक आणि शब्द पाळणं जमू द्या.

तुमचे वडील किंवा आई व्यसनात असतील तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. त्यांचं पिणं तुमच्यामुळे नाही. ते तुम्ही थांबवू शकत नाही. आणि त्याबद्दल एका विश्वासू मोठ्या माणसाशी बोलणं ही चुगली नाही. बाहेर हार-तुरे घेणारा बाप रात्री घरी वेगळा असतो, ही गोष्ट एकट्याने पोटात ठेवून वाढू नका. बाईचं व्यसन तर घरं जास्तच लपवतात. मुक्तांगणने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हे वेगळं केंद्र काढलं, यावरून गरज किती खरी आहे ते कळतं.

ज्येष्ठांना शेवटची विनंती. पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या भल्यासाठी तुमच्या घराचं नाव पुढे राहिलं. आता व्यसनावरच्या उपचारासाठीही पहिलं पाऊल तुमच्याच घराने टाकावं. मोठ्या घरचा मुलगा दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत दवाखान्याची पायरी चढला की पाठोपाठ गल्लीतली चार घरं धीर करतील. आज घरात कोणी या आजारात असेल तर वाट बघू नका, १४४४६ वर फोन लावा.